मिठाचें गांव

मागील अंकांतील व्हिएन्ना नगरीचें वर्णन वाचून एका वाचकभगिनीनें मला एक लहानसें पत्र पाठविलें. पत्रांत स्तुति नव्हती आणि निंदाहि नव्हती. एक प्रश्न मात्र होता. “आपण राजवाडे दाखविलेत, नाट्यगृहें दाखविलींत, बागा दाखविल्यात, पण तिकडचीं माणसें पाणी कोठून आणतात, जेवतात काय, घरांतलें माणूस गेलें म्हणजे त्याचें काय करितात, हें आपल्या लेखांत कोठेंच सांपडलें नाहीं.” प्रश्न वर्मीं लागला. परदेशीं गेलेला मनुष्य बहुधा जें पाहण्यासाठीं मांडून ठेविलेलें असतें तेंच पाहून येतो. जें मांडून ठेविलेलें नसतें तें पाहण्यास सवड लागते आणि विनयहि लागतो. हीं दोन्हीं माझ्यापाशीं बेताचींच होतीं. तीं थोडींबहुत कोठें आणि कशीं मिळालीं तें आज सांगावयाचें आहे. त्यांत माझी एक चूकहि सांगावी लागेल. परंतु आपली चूक वगळून लिहिलेलें प्रवासवर्णन म्हणजे मीठ वगळून केलेली आमटी; आणि आजचा विषय तर मिठाचाच आहे.

ऑस्ट्रिया देशांत आल्प्स पर्वताच्या कुशींत हालस्टाट नांवाचें एक गांव आहे. वस्ती साडेसातशेंच्या आसपास. म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान वाडीएवढी. व्हिएन्नाहून आगगाडीनें निघावें, आट्नांग-पुखहाइम येथें गाडी बदलावी, आणि डोंगर व सरोवरें ओलांडीत दक्षिणेकडे जावें, म्हणजे सुमारें साडेतीन तासांत हालस्टाटचें स्टेशन येतें. मौज अशी कीं, स्टेशन सरोवराच्या एका काठावर आणि गांव समोरच्या काठावर! गाडीच्या वेळा धरून एक लहानशी लाँच सुटते. ती उतारूंना पलीकडे नेऊन सोडते. २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मी, माझी पत्नी आणि नोकरीनिमित्त व्हिएन्ना येथें राहणारी आमची मुलगी असे तिघेजण त्या लाँचवर बसलों. दोन दिवस राहावयाचें आणि सर्व कांहीं पायींच पाहावयाचें असा आमचा बेत होता.

पाण्यावरून गांवाचें प्रथम दर्शन होतें तेव्हां मनांत येतें तें एवढेंच, कीं येथें गांव वसविण्यास जागा कोठें आहे? डोंगराचा कडा जवळजवळ सरळ उतरून सरोवरांत बुडतो. आणि सरोवर सवाशें मीटर खोल. कडा आणि पाणी यांच्यामध्यें जी अरुंद पट्टी उरली आहे तिच्यावर, आणि ती पुरेना म्हणून तिच्या वरच्या उतारावर, घरें एकमेकांच्या खांद्यांवर पाय देऊन उभीं असल्यासारखीं दिसतात. दिवाळींतील किल्ल्यावर मुलें जशीं मातीचीं घरें मिळेल त्या कपारींत बसवितात, तशीच ही मांडणी. मी आणि मुलगी त्या शोभेकडे पाहत राहिलों, पत्नी मात्र थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “अहो, एवढ्याशा जागेंत हीं माणसें वाळवणें कोठें घालीत असतील?” आम्ही दोघेहि हंसलों. पण पुढें दोन दिवस त्या गांवांत हिंडल्यावर माझी खात्री झाली कीं, आम्हां तिघांत गांव प्रथम तिलाच दिसलें होतें. हालस्टाटचा सारा इतिहास म्हणजे जागेच्या टंचाईचा इतिहास आहे.

काठावर उतरून आम्ही चालूं लागलों. पांच मिनिटांत बाजारचौक येतो. १७५० सालीं मोठी आग लागून गांवाचा लांकडी मध्यभाग जळून गेला. तो पुन्हां बांधला तेव्हां हा चौक आजच्या रूपास आला. चौकाभोंवतीं फिकट पिवळ्या, गुलाबी, निळसर रंगांचीं घरें. आणि त्यांतील कांहींच्या भिंतींवर एक चमत्कार दिसला. नासपतीचीं झाडें भिंतीला अगदीं चिकटून, पसरलेल्या पंख्यासारखीं, चपटीं वाढविलेलीं! झाडाला पसरावयास अंगण नाहीं म्हणून त्याच्या फांद्या लहानपणापासून भिंतीवर बांधीत गेले, आणि भिंतीची ऊब घेऊन तें फळूंहि लागलें. ज्याला जमीन नाहीं त्यानें भिंतीची बाग केली. पत्नीला तिच्या वाळवणाचें अर्धें उत्तर तेथेंच मिळालें.

चौकाच्या मागें एक अरुंद पाउलवाट वर चढते आणि घरांच्या माथ्याजवळून गांवाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास जाते. एके काळीं हीच येथली हमरस्त्याची जागा होती. काठानें मोटारगाडी जाईल असा रस्ता १८९० सालीं कडा फोडून करण्यांत आला. तोंवर गांवांत येणें तें होडीनें किंवा डोंगरांतील पाउलवाटेनें. काठावरील एका घरांतून दुसऱ्या घरीं जावयाचें तर होडी काढावी, नाहीं तर ह्या वरच्या वाटेनें जावें. आणि ही वाट कांहीं ठिकाणीं चक्क घरांच्या माळ्यांमधून जात असे. शेजाऱ्याच्या माळ्यावरून दळणवळण! कोंकणांतील वाडींत एकाच्या खळ्यांतून दुसऱ्याच्या घरीं जाण्याची वहिवाट असते, ती ज्यांनीं अनुभविली आहे त्यांस हें नवल वाटणार नाहीं. परंतु अशी वहिवाट ज्या विश्वासावर चालते तो विश्वास आप्तांचा असतो, परक्यांचा नव्हे. आणि हें ध्यानांत न राहिल्यामुळेंच माझ्या हातून ती चूक घडली.

आम्ही पोंचलों ती वेळ भर दुपारची होती, आणि गांवांत जत्रा लोटली होती. ऐन हंगामांत एकेका दिवसास दहा हजारांपर्यंत प्रवासी येथें येतात; म्हणजे एका गांवकऱ्यामागें तेरा पाहुणे. ज्या जागेवर उभें राहिलें असतां मनोरा, घरें आणि सरोवर एका चौकटींत येतात, तेथें तर रांगच लागलेली असते. लोक येतात, ती चौकट टिपतात आणि परत जातात. ह्या चौकटीची कीर्ति एवढी पसरली कीं, चीन देशांतील ग्वांगडुंग प्रांतांत एका कंपनीनें ह्या गांवाची हुबेहूब प्रतिकृति उभारली आणि २०१२ सालीं ती लोकांस खुली केली. आधीं गांवकरी चकित झाले, कांहीं दुखावलेहि. पुढें २०२० सालीं, बसगाड्यांनीं आधीं वेळ नोंदविल्याविना गांवांत येऊं नये असा नियम झाला. २०२३ सालच्या मे महिन्यांत त्या प्रसिद्ध जागेवरून चित्रच घेतां येऊं नये म्हणून लांकडी आडोसा उभारण्यांत आला. पण त्यावर ओरड होतांच तो काढून टाकला. त्याच वर्षीं ऑगस्टांत गांवकऱ्यांनीं रस्त्याच्या बोगद्यापाशीं जमून, प्रवाशांच्या संख्येला मर्यादा घाला, असें मागणें केलें. हें सर्व मला ठाऊक होतें. मी वर्तमानपत्रांत वाचलें होतें, आणि वाचतांना, ‘काय हे असभ्य प्रवासी!’ असें म्हटलेंहि होतें.

आणि तोच मी! वरच्या वाटेनें जातां जातां एका घराच्या बाजूस चार पायऱ्या आणि एक छोटें लांकडी फाटक दिसलें. फाटक नुसतें लोटलेलें होतें. त्या पायऱ्यांवरून सरोवराचें चित्र फार उत्तम येईल, असें मला वाटलें. “बाबा, तें कोणाचें तरी अंगण आहे,” असें मुलगी म्हणेपर्यंत मी आंत शिरलोंहि होतों. चित्र घेतलें आणि वळलों, तों हातभर अंतरावर एक खिडकी. आंत एक वृद्ध बाई टेबलाशीं एकटीच जेवावयास बसली होती. पुढें सूपाचा वाडगा आणि पावाचा तुकडा. तिनें मान वर केली. आमची दृष्टादृष्ट झाली. ती रागावली नाहीं, ओरडली नाहीं. चमचा शांतपणें खालीं ठेविला, उठली, आणि पडदा ओढून घेतला. इतकेंच.

मी खालीं आलों. पत्नीनें सर्व पाहिलें होतें. ती हळूच म्हणाली, “अहो, आपण पानावर बसलों असतांना कोणी परका मनुष्य आपल्या माजघराच्या दारांत येऊन उभा राहिला असता, तर?” मला उत्तर सुचलें नाहीं. जेवणाच्या वेळीं परक्याची दृष्टि पडूं नये म्हणून दार लोटून घेणाऱ्या आजीच्या हाताखालीं मी वाढलेला. आणि एका चित्रासाठीं मी कोणाच्या तरी जेवत्या पानाशीं जाऊन उभा राहिलों होतों. तें चित्र मी तेथल्या तेथें पुसून टाकलें. पण पडदा ओढणारा तो हात कांहीं मनांतून पुसला जाईना.

संध्याकाळ झाली. बसगाड्या गेल्या, शेवटची लाँच गेली, आणि तासाभरांत गांव एवढें रिकामें झालें कीं, डोंगरांतून गांवाच्या मधोमध उतरणाऱ्या ओढ्याचा धबधबा, जो दुपारीं नुसता दिसत होता, तो आतां ऐकूं येऊं लागला. दारें उघडलीं. मुलें सायकली घेऊन चौकांत आलीं. एक गृहस्थ बांकावर बसून वर्तमानपत्र वाचूं लागला. दोघी बायका दारांत उभ्या राहून बोलत होत्या. दिवसभर पाहुण्यांना दिलेलें आपलें गांव त्यांनीं जणुं परत घेतलें. आम्ही ज्या लहानशा खाणावळींत उतरलों होतों तिच्या सज्जांत बसून आम्ही हें सर्व गुपचूप पाहिलें. हातांत मोबाईल घेण्याचें धैर्य कोणासच झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही डोंगर चढूं लागलों. गांवाच्या वर सुमारें साडेतीनशें मीटरांवर एक उंच खोरें आहे; तेथें ह्या गांवाचें अन्न आहे. वळणावळणानें चढणारी वाट तासाभरांत एका दगडी बुरुजापाशीं पोंचते. १२८४ सालीं आल्ब्रेख्ट ह्या सरदारानें खाणींच्या रक्षणासाठीं तो बांधविला. मिठाच्या खाणी! आपण मीठ पिकतें म्हणतों तें उरण-पेणच्या मिठागरांत, समुद्राच्या पाण्यांत आणि उन्हांत. येथें मीठ डोंगराच्या पोटांत दडलेलें आहे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं येथें समुद्र होता. तो आटला, त्याचें मीठ खालीं राहिलें, आणि पुढें पर्वत उभे राहिले तेव्हां तें त्यांच्यांत कोंडलें गेलें. जर्मन भाषिक मुलुखांत ‘हाल’ हा शब्द ज्यांच्या नांवांत येतो अशा अनेक गांवांचा मिठाशीं संबंध आहे. त्यांतलेंच हें एक.

हें मीठ माणसाच्या हातीं लागलें त्यास सहस्रावधि वर्षें झालीं. ह्या शतकाच्या आरंभीं खाणींत एक लांकडी जिना सांपडला. त्याचें लांकूड ख्रिस्तपूर्व १३४४ व १३४३ ह्या सालीं तोडलेलें आहे, असें वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून ठरलें. एवढा जुना आणि एवढा शाबूत लांकडी जिना यूरोपांत दुसरा नाहीं. मिठांत वस्तु कुजत नाहीं. लोणचें घालणाऱ्या गृहिणीस हें सांगावयास नको. त्यामुळें त्या खाणींत जुन्या कामकऱ्यांच्या चामड्याच्या पाठपिशव्या, लोंकरीच्या कापडाचे रंगीत तुकडे, मशालींचे जळके तुकडे, लहान मुलांचे जोडे, आणि पोटांत गेलेल्या अन्नाचे अवशेषसुद्धां टिकले. अन्न काय, तर जव, गहूं, बारीक धान्य आणि कडधान्य यांची एकत्र शिजविलेली पेज. खिचडीचाच एक गोतावळा म्हणावयाचा.

त्या बुरुजाच्या मागें एक साधेंसें गवताळ रान आहे. १८४६ सालीं योहान गेओर्ग रामसाउअर नांवाचा खाणीचा अधिकारी तेथें कांहीं खोदकाम करीत असतां त्यास जुनीं थडगीं लागलीं. दुसरा कोणी असता तर सोनेंनाणें काढून घेऊन मोकळा झाला असता. ह्या गृहस्थानें सतरा वर्षें, १८६३ पर्यंत, एकेक थडगें जपून उघडलें, त्यांतील प्रत्येक वस्तु कोठें होती तें लिहून ठेविलें, रंगीत चित्रें करवून घेतलीं. आणि अशीं सुमारें ९८० थडगीं नोंदविलीं. मध्य यूरोपांतील आद्य लोहयुगाला विद्वान् लोक आज ‘हालस्टाट काल’ म्हणतात, तें ह्या रानावरून. त्या थडग्यांत बाल्टिक समुद्राकडून आलेला तृणमणि सांपडला, दूर देशींचा हस्तिदंत सांपडला. रस्ता नसलेल्या ह्या कड्यावर तो आला कसा? मिठाच्या मोबदल्यांत. आपल्या वाचकांस आणखी एक गोष्ट विशेष वाटेल: त्या मृतांपैकीं जवळजवळ निम्म्यांना पुरलेलें नव्हतें, त्यांचें दहन करून मग अस्थि ठेविलेल्या होत्या.

अस्थि बोलतात, असें म्हणतात. पुढील काळांतील संशोधकांनीं ह्या सांगाड्यांचीं हाडें तपासलीं, तेव्हां पुरुषांच्या हाडांवर सतत घाव घालण्याच्या श्रमाच्या खुणा दिसल्या, आणि स्त्रियांच्या हाडांवर जड ओझीं वाहिल्याच्या. म्हणजे पुरुष मीठ फोडीत आणि स्त्रिया तें वाहून आणीत. पुढें अलीकडच्या शतकांतहि खाणींतील मिठाचे खडे पाठीवर घेऊन डोंगर उतरणाऱ्या बायका ह्याच वाटेवर दिसत. आम्ही ज्या वाटेनें, हातांत काठी आणि खिशांत खाऊ घेऊन, धापा टाकीत चढलों, त्या वाटेनें त्या पाठीवर मिठाचें ओझें घेऊन रोज उतरत होत्या. हें ऐकल्यावर आमच्या धापा आपोआप कमी झाल्या.

मीठ जेथें निघतें तेथें सत्ता येते. हा सर्व मुलुख हाब्सबुर्ग राजांच्या खजिन्याची खाजगी दौलत होता. त्याच्या ‘झाल्त्सकामरगुट’ ह्या नांवांतच ‘मिठाच्या खात्याची मालमत्ता’ असा अर्थ आहे. मीठ चोरून जाऊं नये म्हणून शतकानुशतकें परक्यास परवानगीविना येथें येऊंच देत नसत. १९३० सालीं शिरोड्याच्या मिठागरांत सत्याग्रह करणाऱ्यांनीं लाठ्या कां खाल्ल्या, हें ज्या घरांत आजोबांच्या तोंडून ऐकलेलें आहे, त्यांस मिठावरील राजसत्ता म्हणजे काय हें समजावून देण्याची गरज नाहीं. पुढें खारें पाणी आटविण्यास लागणारें सर्पण गांवाजवळ पुरेना. तेव्हां १५९५ ते १६०७ ह्या बारा वर्षांत तेरा हजार झाडांचीं खोडें आंतून कोरून त्यांचे नळ केले, आणि तें खारें पाणीच चाळीस किलोमीटर दूर, जेथें जंगल विपुल होतें त्या एबन्झे गांवीं नेलें. लांकडाला पाण्याकडे आणण्याऐवजीं पाण्याला लांकडाकडे नेणारी ही युक्ति! त्या नळाच्या कडेनें जाणारी सपाट वाट डोंगराच्या कमरेस अजून आहे. आम्ही तिच्यावरून तासभर चाललों. खालीं सरोवर, वर जंगल, आणि वाटेवर आम्हांवांचून कोणी नाहीं. दहा हजारांच्या जत्रेपासून अर्ध्या तासाच्या चढावर एवढी शांतता असते, हें पायांनीं गेल्यावांचून कळत नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं गांवांत उतरून आम्ही कॅथॉलिक देवळाच्या पायऱ्या चढलों. देऊळ सोळाव्या शतकाच्या आरंभींचें, कड्याला चिकटून. आंत लिनहार्ट आस्टल नांवाच्या शिल्पकाराचें, झडपांनीं उघडमीट होणारें लांकडी कोरीव देवघर आहे. पण आमचे पाय थबकले ते बाहेर. देवळाच्या ओट्यावर, सरोवराकडे तोंड करून, स्मशानभूमि. एवढीशी जागा, परंतु प्रत्येक थडग्यावर ताजीं फुलें आणि लांकडी कोरीव क्रूस. आणि एका बाजूच्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या तळघरांत अस्थिगृह.

पहिल्या क्षणीं, खरें सांगतों, अंगावर शहारा आला. सुमारें बाराशें कवट्या फळ्यांवर ओळीनें मांडलेल्या! त्यांतील सहाशेंहून अधिक कवट्यांवर रंगांनीं फुलें आणि पानें चितारलेलीं. कपाळावर नांव आणि साल. पत्नीनें पदर घट्ट ओढून घेतला. मुलीनें मग हळूहळू त्यामागील हकीकत सांगितली. स्मशानास जागा नाहीं. कडा मागें सरत नाहीं आणि सरोवर पुढें. म्हणून दहा-पंधरा वर्षें झालीं कीं थडगें उघडावयाचें, आणि आंतील जागा नव्या मृतास द्यावयाची. मग आधींच्याचें काय? त्याची कवटी काढून स्वच्छ करीत, आणि कित्येक आठवडे उन्हांत आणि चांदण्यांत ठेवून हस्तिदंतासारखी शुभ्र करीत. त्यानंतर १७२० च्या सुमारापासून पडलेल्या रीतीनें तिच्यावर पानाफुलांची वेल काढून, नांव घालून, कुटुंबवार ठेवीत. सासूशेजारीं सून, बापाशेजारीं मुलगा. दफनाऐवजीं दहनाची रीत पडूं लागल्यापासून ही चाल ओसरली. शेवटची कवटी १९९५ सालीं ठेविली गेली. १९८३ सालीं वारलेल्या एका बाईनें तशी इच्छा लिहून ठेविली होती.

आम्ही अस्थि गंगेंत अथवा गोदेंत सोडतों, म्हणजे कांहींच ठेवीत नाहीं. आणि तरीहि दरवर्षीं पितृपक्षांत तीन पिढ्यांचीं नांवें घेऊन पिंड ठेवितों. हे लोक श्राद्ध करीत नसतील; पण ज्याला जमिनीवर जागा देतां येईना त्याचें नांव त्यांनीं त्याच्याच कपाळावर लिहून ठेविलें. रीत निराळी, भीति तीच, कीं आपलें माणूस विसरलें जाऊं नये. शहारा ओसरला. पत्नीनें चप्पल दाराबाहेर काढली होती, हें मला निघतांना दिसलें. तसें कोणी सांगितलेलें नव्हतें.

गांवाच्या ह्या आठवणींत एक कडू पानहि आहे. तें झांकून ठेवणें बरें नव्हे. १७३४ सालीं खाणींत मिठानें राखलेला एका प्राचीन कामकऱ्याचा देह सांपडला. तो ख्रिस्ती नसणार म्हणून त्यास ह्याच स्मशानाच्या एका वेगळ्या कोपऱ्यांत पुरलें. आणि त्याच १७३४ सालीं ह्या मुलुखांतील ल्यूथरपंथी कुटुंबांना, जिवंत माणसांना, केवळ पंथ निराळा म्हणून दूर ट्रान्सिल्व्हानिया प्रांतांत हांकून दिलें. १७८१ सालच्या सहिष्णुतेच्या फर्मानानें त्या पंथास मोकळीक मिळाली, आणि १८६३ सालीं सरोवराच्या काठीं त्यांचें उंच मनोऱ्याचें देऊळ उभें राहिलें. लोक ज्या मनोऱ्याचें चित्र घेण्यास रांग लावतात तो हाच. त्याच्या उभे राहण्यास किती वर्षें लागलीं, हें चित्रांत दिसत नाहीं.

अस्थिगृहांतून बाहेर आलों, आणि समोर तीच! काल पडदा ओढणारी ती वृद्धा एका थडग्यावरील फुलांना झारीनें पाणी घालीत होती. माझे पाय जागच्या जागीं खिळले. पण हा प्रसंग टाळला तर आयुष्यभर टोंचील असें वाटून मी पुढें झालों, हात जोडले, आणि मुलीकडून तिच्या भाषेंत म्हणविलें, “काल आपल्या अंगणांत न विचारतां शिरलों तो मी. चूक झाली. क्षमा मागतों.” तिनें मला निरखून पाहिलें. मग मुलीला विचारलें, “तुम्ही कालच गेलां नाहींत?”

“नाहीं आजी, आम्ही दोन रात्री येथेंच आहोंत,” मुलगी म्हणाली. जर्मन बोलतांनाहि तिच्या तोंडून ‘आजी’ हा शब्द मराठींतच निघून गेला.

“मग ठीक,” म्हातारी म्हणाली. तिनें पुढें कांहीं उपदेश केला नाहीं, माझ्याशीं हंसलीहि नाहीं. हातांतील रिकामी झारी मात्र तिनें माझ्या पत्नीपुढें केली आणि भिंतीजवळच्या नळाकडे बोट दाखविलें. पत्नी झारी भरून घेऊन आली. एकीनें पाणी घातलें, दुसरीनें सुकलेलीं फुलें खुडलीं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण तें काम दोघींच्याहि हाताचें होतें. क्रूसावर एका पुरुषाचें नांव होतें आणि साल अलीकडचें. मी वाचलें, पण येथें लिहीत नाहीं. तें तिच्या घरचें आहे.

पत्र पाठविणाऱ्या भगिनीस आतां उत्तर देतां येईल. तेथील माणसें फुलांसाठीं पाणी भिंतीजवळच्या नळावरून आणतात. दुपारीं सूप आणि पाव खातात, आणि खातांना त्यांस एकांत आवडतो, आपल्याला आवडतो तसाच. घरांतलें माणूस गेलें म्हणजे त्याला एवढ्याशा जागेंतहि जागा करून देतात, आणि जागा उरली नाहीं तर नांव उरवितात.

आपल्या भाषेंत ‘खाल्ल्या मिठाला जागणें’ असा एक वाक्प्रचार आहे. सहस्रावधि वर्षें जगाला मीठ पुरविणारें तें गांव आज मुख्यतः पाहुण्यांवर जगतें. म्हणजे त्याचें मीठ आम्ही खातों आणि आमचें तें खातें. अशा ठिकाणीं पाहुण्यानें मिठाला जागावें म्हणजे काय करावें? फार कांहीं नाहीं. एक रात्र तरी राहावें. गाडीपेक्षां पायांनीं अधिक हिंडावें. उघडें फाटक हें आमंत्रण समजूं नये. आणि कोणी आपल्या हातीं झारी दिली, तर ती भरून आणावी.